आमच्या शाळांना दत्तक बाप नको!

सप्टेंबर २०२३ या एकाच महिन्यात महाराष्ट्र सरकारने शाळांबाबत दोन पावले उचलली. पहिले, सरकारी शाळा कंपन्यांना आणि देणगीदारांना 'दत्तक' देण्याची योजना. देणगीदाराने सुचवलेले नाव ठराविक काळासाठी शाळेच्या नावाला जोडण्याची मुभाही तिच्यात आहे. दुसरे, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्यासाठी प्रस्ताव मागवणे. २०२१-२२ च्या नोंदींनुसार राज्यात अशा १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती.

ही मुले कोणाची आहेत? कमी पटाच्या शाळा मोठ्या गावच्या मुख्य पेठेत नसतात. त्या तांड्यावर असतात, पाड्यावर असतात, डोंगरातल्या वाडीत असतात, गावापासून लांब टाकलेल्या वस्तीत असतात. ज्यांना पैसे भरून इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये मूल बसवता येते, त्यांची मुले तिथून केव्हाच गेली. मागे उरली ती शेतमजुराची, ऊसतोड्याची, वीटभट्टीवाल्याची मुले. म्हणजे आपली.

मग या मुलांच्या शिक्षणाचे काय करायचे, हे कोणी ठरवायचे? मंत्रालयाने? कंपनीच्या सीएसआर विभागाने? की त्या मुलांच्या आईबापांनी आणि त्यांच्यासोबत उभ्या राहणाऱ्या चळवळीने? आमचे म्हणणे स्पष्ट आहे. वंचित मुलांच्या शिक्षणाचे नेतृत्व त्या त्या भागातल्या वंचितांनीच केले पाहिजे आणि त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला पाहिजे. यातली एक बाजू सोडली की दुसरीही हातची जाते. नेतृत्व आपले पण पैसा नाही, असे झाले तर दमछाक होते. पैसा दुसऱ्याचा आणि नेतृत्वही त्याचेच, असे झाले तर आपण लाभार्थी होतो. नागरिक राहत नाही.

आपल्या महापुरुषांनी काय केले?

जोतीराव आणि सावित्रीमाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, पुढे अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या. हे आपण दर ३ जानेवारीला सांगतो. पण जोतीराव शाळा काढून थांबले नाहीत, हे त्यामानाने कमी सांगितले जाते. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी थेट हिशोब मांडला. सरकारचा महसूल येतो कष्टकरी रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. म्हणून किमान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षकही शेतकरी वर्गातून यावेत, असे त्यांनी सुचवले. म्हणजे पैसा कोणाचा, शिकवणार कोण आणि शिकणार कोण, हे तिन्ही प्रश्न त्यांनी एकत्र विचारले.

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. त्याआधीच, १९०८ साली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले होते. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत बसवली. लक्षात घ्या, शाळा बंद करण्याचा हाही एक निर्णयच होता. पण तो मुलाला शाळेच्या जवळ नेणारा होता. आजचे समूहीकरण मुलाला शाळेपासून लांब नेते. दोन्हींना 'एकत्रीकरण' म्हणता येईल, पण दोन्ही एक नव्हेत.

बाबासाहेबांचे काम तर याच दोन पायांवर उभे आहे. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू झाले. ही झाली उभारणी. मार्च १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रहाच्या त्याच महिन्यात, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलत होते. शाळेत दाखल झालेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा मुले चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. सरकार लोकांकडून अबकारी करापोटी जेवढे घेते, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करावे, अशी त्यांची मागणी होती. ही झाली हक्काची लढाई. चवदार तळ्याचे पाणी आणि चौथीची पाटी हे त्यांच्यासाठी दोन वेगळे विषय नव्हते.

पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. औरंगाबादच का? मराठवाडा निजामी राजवटीतून सुटून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. उच्च शिक्षणाची सोय नावापुरती, आणि दलित मुलांसाठी तर तीही नाही. बाबासाहेबांनी सर्वात मागे ठेवलेला प्रदेश निवडला आणि तिथल्या मुलांना मुंबईला बोलावण्याऐवजी महाविद्यालयच तिथे नेले. नागसेनवनात खेड्यापाड्यांतून आलेली पहिल्या पिढीची पोरे शिकली. त्यांच्यातून शिक्षक, लेखक, कार्यकर्ते घडले. मराठवाड्याच्या सामाजिक आणि साहित्यिक चळवळीचा मोठा भाग त्या एका आवारातून बाहेर पडला. प्रादेशिक नेतृत्व म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण आम्हाला दिसत नाही.

'बाबासाहेबांचा भर उच्च शिक्षणावर होता'

आपल्यातलेच काही मित्र म्हणतात की, बाबासाहेबांचा भर उच्च शिक्षणावर होता, तेव्हा चळवळीने आपली ताकद स्पर्धा परीक्षा, परदेशी शिष्यवृत्ती आणि विद्यापीठे यांवर लावावी. पहिली-दुसरीचे काम मास्तर करतील.

या मित्रांच्या तळमळीबद्दल आम्हाला शंका नाही. सत्तेच्या मोक्याच्या जागा आपल्या हाती आल्याच पाहिजेत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात स्वतः बाबासाहेब होते, हेही खरे. पण 'मॅट्रिकोत्तर' हा शब्द नीट वाचा. जो मॅट्रिकला पोहोचला, त्यालाच ती मिळते. स्वाधार योजना असो की परदेशी शिष्यवृत्ती, दोन्हींची रांग दहावीनंतर लागते. त्या रांगेत आपली किती मुले असतील, हे मात्र तिसरीच्या वर्गात ठरते. तिसरीत ज्याला सलग चार ओळी वाचता येत नाहीत, तो सहावीत गप्प बसतो, आठवीत गैरहजर राहतो आणि नववीत मुकादमाच्या उचलीवर सही करणाऱ्या बापासोबत ट्रकमध्ये बसतो. त्याच्यासाठी शहरातल्या अभ्यासिकेचा दरवाजा उघडा असून उपयोग काय?

१९२७ मध्ये शंभरातल्या बेपत्ता ब्याऐंशी मुलांचा हिशोब मागणारे बाबासाहेब आणि मिलिंद उभारणारे बाबासाहेब एकच आहेत. त्यांना वाटून घेण्याचा अधिकार कोणालाच नाही.

'छोट्या शाळेत गुणवत्ता नसते'

सरकारचा युक्तिवादही तपासू. एका खोलीत पाच इयत्ता, एक किंवा दोन शिक्षक, वर्गात जोडीला दुसरे मूल नाही. अशा शाळेत मूल काय शिकणार, असे विचारले जाते. अडचण खोटी नाही. पाच इयत्तांना एकाच वेळी शिकवणे कठीण आहेच. त्यात ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे यांचा भार मास्तरांवर असतोच.

पण या दुखण्यावर औषध शिक्षक देणे हे आहे. बहुवर्ग अध्यापनाचे नीट प्रशिक्षण, केंद्रातल्या शाळांनी मिळून वापरायचे विज्ञान साहित्य, महिन्यातून काही दिवस मुलांचे एकत्र उपक्रम, हे सगळे शाळा जागेवर ठेवूनही करता येते. शाळा उचलून सहा-आठ किलोमीटरवर नेली की गुणवत्ता वाढण्याआधी हजेरी पडते. बसची हमी कागदावर असते. पावसाळ्यात ओढा भरला, ठेकेदाराचे बिल थकले की बस येत नाही. तेव्हा सर्वात आधी घरी बसते ती मुलगी. तिच्या आईला भीती वाटते, आणि ती भीती निराधार नाही.

कायदा काय सांगतो? १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा प्रत्येक मुलाला शेजारची शाळा देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. महाराष्ट्राच्या नियमांत प्राथमिकसाठी हे अंतर एक किलोमीटर आहे, उच्च प्राथमिकसाठी तीन. त्यामुळे पट कमी आहे, हे सरकारने सांगायचे कारण असू शकते. मुलाचा हक्क संपण्याचे कारण होऊ शकत नाही.

आणि लढले तर मिळते, हेही आपण पाहिले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलले. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी विनाअनुदानित शाळांना वंचितांसाठीच्या २५ टक्के जागांतून सूट दिली. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्दच केला. सरकारने दिलेला धक्का परतवता येतो. त्यासाठी कोणीतरी कागद हातात घेऊन उभे राहावे लागते.

कागदावरची खुर्ची आपली आहे

आता मुद्द्याचे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. निम्म्या सदस्य महिला असतात. कलम २२ नुसार ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते आणि सरकारी अनुदानाचे नियोजन त्या आराखड्याच्या आधारे व्हायचे असते. म्हणजे दत्तक बाप शोधण्याआधीच कायद्याने शाळेच्या कारभारात आईबापांना बसवले आहे.

प्रत्यक्षात काय होते? पुष्कळ गावांत समितीची निवड केव्हा झाली, हे आपल्या वस्तीला कळतही नाही. ज्याचे गावात वजन आहे, तो अध्यक्ष. आपल्या बाईचे नाव यादीत असते, अंगठा किंवा सही घरपोच घेतली जाते. ही खुर्ची आपण आमदारकीच्या तिकिटाइतक्याच गांभीर्याने घेतली पाहिजे. म्हणून प्रत्येक तालुक्यातल्या तरुण-तरुणींना आमचे आवाहन आहे.

पहिले काम, वस्तीची नोंदवही. सहा ते चौदा वयाचे प्रत्येक मूल, त्याची शाळा, गैरहजेरीचे महिने आणि त्याला वाचता येते की नाही, एवढेच लिहा. दोन रविवारांत एका वस्तीचे काम होते. ही नोंद आपल्याकडे असेल तर अधिकाऱ्यासमोर आपण गाऱ्हाणे घेऊन जाणार नाही, पुरावा घेऊन जाऊ.

दुसरे, पालकसभा. समितीची निवड पालकांच्या सभेतच झाली पाहिजे. तारीख विचारा, वस्तीतल्या आयांना घेऊन जा, इतिवृत्ताची प्रत मागा. मिळाली नाही तर माहितीचा अधिकार आहेच. ज्यांना मुले नाहीत पण शिकलेले आहेत, त्यांनी स्थानिक शिक्षणतज्ज्ञ म्हणून पालकांच्या संमतीने समितीत जावे. एम.ए., बी.एड. झालेल्या आपल्या पोरांची संख्या काही कमी नाही.

तिसरे, हंगामी वसतिगृह. बीडपासून जालन्यापर्यंत दसरा-दिवाळी झाली की टोळ्या कारखान्याला निघतात. मूल मागे राहायचे तर त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय लागते. ती सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत करता येते, पण ट्रक निघून गेल्यावर मिळालेली मंजुरी काय कामाची? नोंदवही तयार असेल तर ऑगस्टमध्येच यादीसह ठराव पाठवा आणि गळीत हंगामाच्या आधी तो मंजूर करून घ्या.

चौथे, विहारातला संध्याकाळचा एक तास. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने आठवड्यातून दोन संध्याकाळी तिसरी-चौथीच्या मुलांचे वाचन घ्यावे. हा तास शाळेला पर्याय नाही, शाळेच्या कामाला जोड आहे.

आणि शाळा समूहात टाकण्याचा प्रस्ताव आलाच, तर गप्प बसू नका. ग्रामसभेचा ठराव, समितीचा ठराव, अंतराचे मोजमाप आणि प्रत्येक मुलाच्या नावाची यादी जोडून लेखी हरकत द्या. पोच घ्या.

देणगीला आमचा विरोध नाही. कोणी बेंच दिले, संगणक दिला, तर समितीने ठराव करून घ्यावा आणि आभार मानावेत. पण देणगी देणारा मालक होत नाही. शाळेच्या पाटीवरचे नाव, तिचा आराखडा आणि तिचे भवितव्य यांवर पहिला हक्क त्या बाकावर बसणाऱ्या मुलाचा आणि रोजंदारी बुडवून सभेला येणाऱ्या त्याच्या आईचा आहे.

'शिका' हा शब्द आपल्या घोषणेत पहिला आहे. पुढचे दोन शब्द त्याच्यानंतर येतात. जिथे गावातली शाळाच राहणार नाही, तिथे संघटन आणि संघर्ष कोणाच्या बळावर उभा करणार? नवीन शैक्षणिक वर्ष सुरू होताच समितीची यादी बघायला शाळेत जा. आपल्या वस्तीचे नाव त्यात आहे का, तिथूनच सुरुवात करू.

जय भीम! जय जोती! जय सावित्री!