जागा मोकळी आहे

परकी भाषा शिकतांना व्याकरणाचा एखादा बारीकसा नियम मोठी गोष्ट सांगून जातो. स्पॅनिश भाषेंत ‘असणें’ या अर्थाचीं दोन क्रियापदें आहेत. एक ‘सेर’ व दुसरें ‘एस्तार’. पहिलें स्वरूप सांगतें, दुसरें स्थिति सांगतें. ‘लीब्रे’ म्हणजे मोकळा. एखाद्या मनुष्याविषयीं ‘एस लीब्रे’ म्हटलें तर तो स्वतंत्र आहे असा अर्थ होतो. ‘एस्ता लीब्रे’ म्हटलें तर त्यास या वेळीं काम नाहीं, एवढेंच. आगगाडींतील बांकाकडे बोट दाखवून प्रवासी ‘एस्ता लीब्रे?’ असेंच विचारतो. जागेसाठीं ‘एस्तार’च योजावयाचें. यांत आम्हांस एक शहाणपण दिसतें. सर्वांची जी जागा, ती कोणा एकाची कायमची नव्हे. ती या घटकेस मोकळी आहे, क्षणानें भरेल, आणि पुनः मोकळी होईल.

दुसरें वाक्य याहूनहि साधें आहे : ‘आय सीत्यो’, म्हणजे ‘जागा आहे’. या वाक्यास कर्ताच नाहीं. जागा कोणाची, ती कोणीं दिली, याचा उच्चार नाहीं. म्हणून बसणाऱ्यावर उपकाराचें ओझें पडत नाहीं. घरीं आलेल्या पाहुण्यास मात्र ते लोक ‘आपण आपल्याच घरीं आहां’ असें म्हणतात. आमच्याकडील ‘आपलेंच घर समजा’ याची येथें कोणासहि आठवण होईल.

परंतु नुसत्या गोड शब्दांनीं जागा मोकळी होत नाहीं. स्पेनचा राजा दुसरा फिलिप यानें १५७३ सालीं अमेरिकेंतील नव्या वसाहतींसाठीं नियम केले. गांवाच्या मध्यभागीं मोठा चौक असावा, तो निदान २०० फूट रुंद व ३०० फूट लांब असावा, इतकें त्यांत बारकाईनें सांगितलें आहे. पण त्याच नियमांत, गांव बांधून पुरें होईपर्यंत त्या भूमीच्या मूळ रहिवाशांस आंत येऊं देऊं नये, असेंहि आहे! चौक मोकळा होता खरा, पण कोणास?

हें वाचून दूरच्या स्पॅनिश लोकांस नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलानें १९२३ सालीं केला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचें ठरविलें. कागदावर जागा मोकळी झाली; पण तेथील पाणी पिण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांस आपल्या बांधवांसह तळ्यावर जावें लागलें, आणि त्याबद्दल त्या लोकांस मार खावा लागला. त्याच वर्षीं नगरपालिकेनें आपला ठरावहि मागें घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागावयास १९३७ साल उजाडलें.

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, ‘जागा मोकळी आहे’ हें वाक्य खरें कीं खोटें, हें पाटीवरून ठरत नाहीं. जो आधीं बसला आहे, त्याच्या वर्तनावरून ठरतें. गाडींत रुमाल टाकून बांक अडविणारा, वाचनालयांत दोन खुर्च्यांवर दप्तर पसरणारा, वर्गांत नव्या मुलास ‘येथें कोणी तरी येणार आहे’ असें सांगणारा, हे सर्व तें वाक्य खोटें पाडतात. त्या नव्या मुलास पाटी वाचतां येते; परंतु तो पाटीकडे पाहत नाहीं, आपल्या तोंडाकडे पाहतो.

विद्यार्थिमित्रहो, परभाषेंतील हीं दोन वाक्यें तुम्हीं अवश्य पाठ करावीं. मात्र तीं उच्चारण्यापूर्वीं स्वभाषेंतील एक जुना धडा गिरवावा : थोडें सरकून बसावें. आणि पालकांनीं हा धडा मुलांस तोंडानें न शिकवितां, स्वतः सरकून शिकवावा, एवढीच आमची विनंति आहे.