मोकळं घर, पण ओकंबोकं नव्हे!

मैत्रिणींनो, दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरून काय काय निघतं, नाही? बारशात आलेले चार सारखेच स्टीलचे डबे, झाकण हरवलेला थर्मास, आहेराचं काचसामान आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेली रिकामी खोकी. दोन खोल्यांचं घर, त्यात माणसांपेक्षा वस्तूंनाच जागा जास्त!

गेल्या वर्षी मी पदर खोचला आणि सगळं बाहेर काढलं. जुनी भांडी मोडीत घातली, कोनाडे रिकामे केले. घर कसं लख्ख दिसू लागलं! पण सासूबाई गप्प गप्प. दोन दिवसांनी हळूच म्हणाल्या, “अगं, माझा पानाचा डबा कुठे दिसत नाही?” पितळेचा, पोचे आलेला तो डबा मोडीत गेला होता. त्यांचं पान खाणं केव्हाच सुटलेलं, म्हणून मी विचारलंही नव्हतं. धावत दुकानात गेले, पण डबा पुढे गेला होता. तेव्हापासून माझा पहिला नियम : ज्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय ती काढायची नाही.

दुसरं असं की, थोडं सामान म्हणजे भकास घर नव्हे. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहायला आले. तिथली बापूकुटी आजही पाहायला मिळते. मातीच्या भिंती, खाली चटई, मोजक्याच वस्तू. तरी खोली उदास वाटत नाही, कारण मीराबेननी त्या भिंतीवरच मातीत झाडांची नक्षी उठवली आहे. वेगळी शोभेची वस्तू लागलीच नाही!

आपण काय करावं? सगळं घर एकदम काढू नये. रोज एक खण पुरे. वस्तूंचे तीन वाटे करा : रोजच्या, सणावाराच्या आणि वर्षभरात हात न लागलेल्या. तिसऱ्या वाट्यातल्या धडक्या वस्तू, घरात विचारून, ज्याला हव्या त्याला देऊन टाका. मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवा. कपाट हलकं होतं आणि घरात ऊबही राहते. दिव्याचंही बघा. एलईडी दिव्याच्या खोक्यावर ६५०० के लिहिलं असेल तर उजेड निळसर पांढरा पडतो. २७०० के असेल तर जुन्या बल्बसारखा पिवळसर. निवांत बसायच्या खोलीत पिवळसर लावा, चिराचिरीच्या ओट्यावर मात्र पांढराच बरा.

आमच्याकडे सासूबाईंचा अडकित्ता तेवढा एका खणात सापडला. मोकळ्या कोनाड्यात आता तो एकटाच असतो, आणि आल्यागेल्याला त्या त्याची गोष्ट सांगतात. डब्याचा विषय त्या काढत नाहीत. माझ्या मनातून मात्र तो जात नाही. तेव्हा यंदा आधी विचारा, मग आवरा, बरं का!