ढालकिड्याची पिशवी आणि तिचें मोल

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलामुलींनीं केलेल्या वस्तूंची विक्री मांडली होती. मेजावर शिंपल्यांचीं खेळणीं होतीं, फणसपोळीच्या पुड्या होत्या, आणि एका कोपऱ्यांत तळहातावर मावेल एवढी, क्रोशानें विणलेली एक पिशवी होती. तिचा आकार ढालकिड्याचा होता. केशरी पाठ, तीवर काळ्या नागमोडी रेषा, पुढें काळें डोकें, आणि खालीं सहा बारीक पाय. नववींतील ज्या मुलीनें ती विणली होती, तिनें २५० रुपये किंमत लिहिली होती. एका गृहस्थांनीं पिशवी उचलली, कौतुक केलें, आणि म्हणाले, "बाळ, असल्या पिशव्या बाजारांत शंभरास मिळतात. त्या यंत्रावरच्या असतात एवढेंच." मुलीनें मान खालीं घातली आणि शंभरास पिशवी देऊन टाकली. मी शेजारींच उभा होतों. कांहीं बोललों नाहीं. त्या दिवशीं जें बोलावयास पाहिजे होतें, तें आज लिहीत आहें.

प्रथम माझा दोष सांगतों. त्यापूर्वीं कांहीं आठवडे, ही मुलगी वर्गांत बाकाखालीं सुई चालवीत असतांना मीं तिला पकडलें होतें, आणि "हे रिकामपणाचे उद्योग सोड, गणित कर" असें बजावलें होतें. ती म्हणाली, "सर, हें गणितच आहे." तें उत्तर मला उद्धटपणाचें वाटलें. मधल्या सुटींत तिनें मला समजावून दिलें. सपाट चकती विणावयाची तर मध्यभागीं सहा मुके खांब घालावयाचे. दुसऱ्या फेरींत बारा, तिसऱ्या फेरींत अठरा, याप्रमाणें दर फेरीस सहा वाढवीत जावयाचें. वाढ कमी पडली तर चकतीची वाटी होते. अधिक झाली तर कड झालरीसारखी मुरडूं लागते. बारा फेऱ्यांच्या एका चकतींत ४६८ टाके होतात, आणि दोन चकत्यांच्या पिशवींत ९३६. पुढें माझ्या वाचनांत आलें कीं, अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत डाइना ताइमिना या गणितज्ञ विदुषींनीं १९९७ सालीं वाढत्या टाक्यांच्या याच युक्तीनें हायपरबोलिक भूमितीचें पृष्ठ विणून दाखविलें. कागदावर जें समजावयास कठीण जात होतें, तें त्यामुळें विद्यार्थ्यांच्या हातांत आलें. माझ्या विद्यार्थिनीचें उत्तर उद्धटपणाचें नव्हतें, खरें होतें.

तिनें नमुना फोनवरील एका परदेशी चित्रफितींतून घेतला होता. त्यांत किड्याची पाठ तांबडी, तीवर सात काळे ठिपके, आणि पाय चार होते. मीं तिला एवढेंच म्हटलें, "किड्यास पाय किती असतात तें पाहून ये." ती घरीं गेली आणि परसांतील चवळीच्या वेलापाशीं बसली. वेलावर मावा पडला होता आणि ढालकिडे तो मावा खात होते. तिनें पाय मोजले. ते सहा भरले. पाठीवर ठिपके नव्हते. पिवळट केशरी रंगावर काळ्या नागमोडी रेषा होत्या. सात ठिपक्यांचा ढालकिडा युरोपांत सर्वांच्या ओळखीचा आहे; आपल्या मळ्यांत हा नागमोडी रेषांचा त्याचा भाऊबंद पुष्कळ आढळतो. मुलीनें विणलेली पाठ उसवली, केशरी दोरा आणला, आणि पुन्हां आरंभ केला. त्या घरीं तोंवर हे किडे वेलाचे वैरी समजून चिरडले जात असत; ते मित्र आहेत हें एका पिशवीच्या निमित्तानें कळलें. माझ्या मतें हस्तकलेचें खरें शिक्षण तें हेंच. उतरवून घेतलेला नमुना हात चालवितो. पाहून केलेला नमुना डोळे उघडतो.

आतां त्या गृहस्थांच्या बोलण्याकडे वळूं. ते सज्जन होते. त्यांनीं कोणास फसविलें नाहीं. त्यांस एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती पुष्कळांस ठाऊक नसते. गंजिफ्राक, मोजे, स्वेटर यंत्रावर विणले जातात. परंतु खरें क्रोशाचें काम करणारें यंत्र आजहि व्यापारांत नाहीं. यंत्रावर होते ती केवळ त्याच्या रूपाची नक्कल. यास्तव बाजारांतील शंभर रुपयांची पिशवी खरोखर क्रोशाची असेल, तर तीहि कोणाच्या तरी हातांनींच, बहुधा एखाद्या स्त्रीच्या हातांनीं, टाक्यामागें टाका घालून विणलेली असते. ती स्वस्त झाली ती यंत्रामुळें नव्हे. विणणारीच्या तासांचें मोल कोणीं दिलें नाहीं म्हणून.

या कलेचा इतिहासहि हेंच सांगतो. आयर्लंडांत १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून घोर दुष्काळ आला, तेव्हां मठांतील भगिनींनीं गोरगरीब स्त्रियांस क्रोशाची जाळी विणावयास शिकविलें, आणि त्या जाळीवर कित्येक कुटुंबें तगलीं. आपल्या त्र्यंबकेश्वरीं उगम पावणारी गोदावरी जेथें समुद्रास मिळते, त्या आंध्र प्रदेशांतील नरसापूरच्या परिसरांत एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांनीं ही कला नेली. तेथील काम हजारों स्त्रियांच्या हातांत रुजलें. परंतु मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, या कारागीर स्त्रियांस 'गृहिणी' म्हणत, त्यांच्या श्रमास 'फावल्या वेळचें काम' म्हणत, आणि एवढ्या एका शब्दाच्या आधारावर त्यांस अत्यल्प मजुरी देत. माल मात्र परदेशीं जाई. जें भौगोलिक मानांकन आपल्या हापुसास २०१८ सालीं मिळालें, तें नरसापूरच्या या जाळीस २०२४ सालीं मिळालें. मान मिळाला ही आनंदाची गोष्ट आहे. पण मान आणि मजुरी या दोन निराळ्या वस्तू आहेत. माझी आजी मिशनच्या वसतिगृहांत ही कला शिकली होती. तिनें कंदिलाच्या उजेडांत विणलेल्या झालरींवर माझ्या वडिलांची शाळेची फी भागली; तरी घरांत सर्व जण म्हणत, "आजी बसल्या बसल्या कांहींतरी करते." तिचें तें 'कांहींतरी' नसतें, तर आज मी या पृष्ठांवर लिहावयास नसतों.

एक साधा हिशेब करूं. त्या पिशवीस दोरा, अस्तर व चेन मिळून ६० रुपये लागले, आणि नऊ तास काम. शंभर रुपयांतून साहित्य वजा जातां ४० उरले. म्हणजे तासास साडेचार रुपयेहि नाहींत. तिनें मागितलेले २५० दिले असते तरी तासास सुमारें एकवीसच रुपये पडले असते. हें मागणें अवाजवी होतें काय? कोणी म्हणेल, सर्वांचे खिसे मोठे नसतात. खरें आहे. ज्यास परवडत नाहीं त्यानें ती वस्तु पाहून, वाखाणून, परत ठेवावी. त्यांत कोणाचाच अपमान नाहीं. पण परवडत असतां मुलीच्या श्रमास रिकामा वेळ समजून किंमत पाडूं नये. आज तिला आपण जें मोल शिकवूं, तेंच ती पुढें स्वतःच्या सर्व कामाचें समजेल.

दुसरें असें कीं, ही कला मुलांनींहि शिकावी. मुलग्यास सुई शोभत नाहीं असें ज्यांस वाटतें, त्यांनीं मिरकरवाड्याच्या बंदरावर एक सकाळ घालवावी. तेथें समुद्राशीं झुंजणारे पुरुष मांडी घालून फाटलेलीं जाळीं सांधीत असतात. त्यांस कोणी हंसत नाहीं. दोरा आणि गांठ यांत स्त्रीपुरुष भेद कोठून आला?

परीक्षा जवळ आल्यावर सुई बाजूस ठेवावी, हें मी अजूनहि सांगेन. वर्गांत बाकाखालीं तर मुळींच चालवूं नये! मात्र सुटींत आणि सायंकाळीं ती जरूर चालवावी, आणि नमुना पाहण्यापूर्वीं एकदां परसांत जाऊन तो जीव पाहावा. या वर्षींच्या विक्रींत प्रत्येक वस्तूजवळ एक चिठ्ठी असावी, आणि तीवर किंमतीच्या वर तास लिहिलेले असावेत, अशी माझी सूचना आहे. पालकहो, आपण अवश्य या. प्रथम तास वाचा, मग किंमत वाचा, आणि मग पाकिटास हात घाला. या खेपेस मी शेजारीं उभा असेन, आणि गप्प राहणार नाहीं.