मशीन मोजता, लेकरांच्या शिरा कोण बघणार?

२०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची घोषणा झाली. चांगलंच झालं. पण माझा सवाल धाराशिवच्या लेकरांचा आहे. मानेतली नळी महिनोन्महिने तशीच राहिली की जंतू थेट रक्तात जातात. हातावरच्या फिस्टुलात हा धोका बराच कमी. बारीक शिरेवर तो करणारा सर्जन आपल्याकडे कुठंय?

आणि सुई? सारखी एकाच भागात टोचली तर शीर फुगते, म्हणून जागा बदलायची. बटनहोल पद्धतीत मुद्दाम तेच भोक वापरतात. पण खपली काढून जागा नीट निर्जंतुक केली नाही तर संसर्ग होतो. असे हात शिकवून तयार होतात, टेंडर काढून नाही!

पालकमंत्री साहेब, मशीनचा आकडा राहू द्या. किती लेकरांच्या मानेत अजून नळी आहे, तेवढं सांगा.