रात्रपाळीला कोण आहे?

'पानिपत झाले' असे आपण मराठी माणसे म्हणतो तेव्हा १७६१ साल आठवते. इथल्या माणसांसाठी मात्र पानिपत म्हणजे ब्लँकेट, सतरंज्या आणि सूत. जगभरातले टाकून दिलेले लोकरी कपडे इथे गासड्यांनी येतात. त्यांची बटणे आणि चेन कापून काढतात, कपडे यंत्रात फाडतात आणि त्या तंतूंचे पुन्हा सूत करतात. धातूचे एखादे बटण राहून गेले आणि यंत्राच्या दातांवर आपटले, तर ठिणगी उडते. भोवती मोटारीवर, वायरींवर, ट्यूबलाइटवर बारीक तंतू साचलेलेच असतात.

रिफायनरीचे स्वतःचे अग्निशमन केंद्र आहे, तिथे सराव होतात. गल्लीतल्या लहान गिरणीत आगीसाठी एक 'जबाबदार माणूस' नेमायचा आणि त्याला कुठेतरी प्रशिक्षणाला पाठवायचे, एवढेच होऊ शकते. माझे मत असे, की हा माणूस निवडताना आणि त्याचे प्रशिक्षण निवडताना, दोन्ही वेळा आपण कागदाकडे बघतो.

बहुतेक वेळा ऑफिसमधल्या साहेबाला पाठवतात, कारण फॉर्म त्याला भरता येतो. पण रात्री तो घरी असतो. दिल्लीच्या अनाज मंडीत ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे आग लागली तेव्हा कामगार आतच झोपले होते. ४३ जण गेले. अशा वेळी उपयोगी पडेल तो त्या पाळीचा जॉबर किंवा इलेक्ट्रिशियन. प्रत्येक पाळीला असा एक माणूस हवा आणि त्याच्या रजेच्या दिवसासाठी दुसरा. आपल्याकडे सेक्शन कमांडर आजारी पडला तर सेक्शन कोणाकडे, हे परेडच्या आधीच ठरलेले असते. गिरणीत का नसावे?

आता प्रशिक्षण. नेहमीचा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मैदानात एका ट्रेमध्ये डिझेल पेटवतात, एक जण पावडरचा सिलिंडर मारतो, आग विझते, टाळ्या, फोटो, सर्टिफिकेट. डिझेलसाठी ते बरोबरच आहे. पण कापडाची गासडी डिझेलसारखी विझत नाही. पावडरने वरची ज्वाळा जाते आणि आत धग राहते. सगळे निर्धास्त झाल्यावर ती पुन्हा पेटते. तिला पाणी लागते, आणि बाहेर ओढून, फोडून आतपर्यंत भिजवावी लागते. उलट दहा पावलांवर विजेचे पॅनेल असेल, तर मेन स्विच बंद होईपर्यंत तिथे पाणी मारायचेच नाही. हे दोन उलटे नियम एकाच खोलीत लागू होतात, म्हणून शिकवणाराने त्याच खोलीत येऊन शिकवले पाहिजे. ॲक्रिलिकचा धूर विषारी असतो. त्यामुळे विझवणे सोडून माणसे बाहेर कधी काढायची, हेही तिथेच ठरवायला हवे. आणि सिलिंडर प्रत्येकाने स्वतः चालवावा. तो अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो, हे नुसते बघून कळत नाही. आमचे उस्ताद रायफलचा डेमो दाखवून कोणालाही नेमबाज म्हणत नाहीत.

तिसरी गोष्ट अधिकाराची. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही. आग दुपारीच लक्षात आली होती. बंब आले, पाणी सुरू झाले. पण जहाज बाहेर ओढून न्यायचे की तिथेच बुडवायचे, हा हुकूम ठामपणे कोणीच दिला नाही. चारच्या सुमारास स्फोट झाला. गेलेल्या शेकडो माणसांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या सप्ताहातही ट्रेमधले डिझेलच पेटवतात, हे मला खटकते.

म्हणून नेमलेल्या माणसाला मालकाला न विचारता यंत्र बंद करण्याचा, कुलूप तोडण्याचा आणि जिन्यात ठेवलेला माल आत्ताच्या आत्ता हलवायला लावण्याचा अधिकार लेखी द्यावा. तो नसेल तर चांगले प्रशिक्षणही फुकट जाते. जॉबर मालकाला घाबरतो, यात त्याचा दोष नाही.

मालक म्हणतील, सरावासाठी यंत्रे थांबवणे परवडत नाही. लहान गिरणीचा नफा कमी असतो, हे खरे. पण पळायची वाट सगळ्या कामगारांना ठाऊक असावी आणि त्यांना तसे शिकवलेले असावे, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३८ मध्येच लिहिले गेले. शिवाय पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांचे कामगार दारात असतातच. तेव्हा पंधरा मिनिटे घेतली तर यंत्रे फार थांबत नाहीत. वाचक पालकांपैकी कोणी गिरणी चालवत असेल, तर प्रशिक्षण देणाऱ्याशी दर ठरवण्याआधी त्याला एवढे विचारावे: रात्री दोन वाजता आमच्या गिरणीत येऊन, दिवे घालवून जिना उतरायला शिकवाल का?