विश्लेषण : दुरुस्ती तयार, तरीही फोन असुरक्षित! लिनक्समधील ‘मर्ज’ का रखडतात?

ओपन सोर्स सॉफ्टवेअरबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. कोड सगळ्यांना दिसतो, त्यामुळे चूक लवकर सापडते आणि लवकर दुरुस्तही होते. हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण चूक दुरुस्त होणे वेगळे आणि ती दुरुस्ती आपल्या हातातल्या फोनपर्यंत पोहोचणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये ‘ब्रँच’ आणि ‘मर्ज’ यांचे किचकट काम असते. ते रखडले तर काय होते, हे २०१९ मध्ये अँड्रॉइडच्या बाबतीत दिसून आले.

२०१९ मध्ये नेमके काय घडले?

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल असते. त्यातील ‘बाइंडर’ या भागामार्फत फोनमधील अ‍ॅप एकमेकांशी संवाद साधतात. या भागातील एक त्रुटी नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘सिझबॉट’ या स्वयंचलित तपासणी यंत्रणेला सापडली. फेब्रुवारी २०१८ मध्ये लिनक्समध्ये तिची दुरुस्तीही झाली. अँड्रॉइडच्या काही कर्नल ब्रँचमध्ये ती दाखल झाली.

मात्र सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या सुरक्षा संशोधन पथकाच्या लक्षात आले, की हीच त्रुटी वापरून प्रत्यक्ष हल्ले होत असावेत. त्या वेळी धोका असलेल्या फोनच्या यादीत खुद्द गूगलचे पिक्सेल १ आणि पिक्सेल २ होते. सॅमसंगचे एस ७, एस ८ आणि एस ९ होते. भारतात घरोघरी दिसणारे रेडमी ५ए आणि रेडमी नोट ५ हेही होते. म्हणजे इलाज जवळपास २० महिने तयार होता आणि फोन मात्र आजारीच होते.

ब्रँच आणि मर्ज म्हणजे काय?

एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या नियमावलीच्या चार झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येक विंगने आपापल्या प्रतीत पेनाने बदल केले, असे समजा. पुढे मूळ नियमावलीत सुधारणा झाली, तर ती चारही प्रतींत उतरवावी लागेल. अशी प्रत्येक प्रत म्हणजे ब्रँच. एकीकडचे बदल दुसरीकडे मिसळणे म्हणजे मर्ज.

हे काम सोपे व्हावे म्हणून लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’ तयार केले. दोन ब्रँचमधील बदल वेगवेगळ्या ओळींत असतील, तर गिट ते आपोआप एकत्र करते. एकाच ओळीत दोघांनी बदल केला असेल, तर ते थांबते आणि निर्णय माणसावर सोपवते. पण मर्ज निर्विघ्न झाला म्हणजे प्रोग्राम नीट चालेलच, याची हमी गिट देत नाही. ती जबाबदारी माणसाचीच.

लिनक्सची स्वतःची शिस्त कशी आहे?

लिनक्सची नवी आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते. त्यातील पहिले दोन आठवडे नवे बदल मर्ज केले जातात. या काळाला ‘मर्ज विंडो’ म्हणतात. ती बंद झाली की पुढे फक्त दुरुस्त्या. शिवाय ‘लिनक्स-नेक्स्ट’ या ब्रँचमध्ये येऊ घातलेले बदल आधीच एकत्र करून पाहिले जातात, म्हणजे टक्कर कुठे होणार ते आधी कळते. थोडे थोडे आणि वारंवार मिसळायचे, हे या पद्धतीचे सार.

मग साखळी तुटते कुठे?

मूळ लिनक्समधून दीर्घकाळ सांभाळली जाणारी ब्रँच निघते. तिच्यावरून गूगल अँड्रॉइडची ब्रँच काढते. तिच्यावरून चिप बनवणारी कंपनी आपली आणि शेवटी फोन कंपनी प्रत्येक मॉडेलसाठी आपली. एक दुरुस्ती इतक्या पायऱ्या उतरते, तेव्हा ती ग्राहकाला मिळते.

त्यात कंपन्या अनेकदा पूर्ण ब्रँच मर्ज न करता ‘सुरक्षा’ असा शिक्का असलेल्या दुरुस्त्याच निवडून घेतात. बाइंडरच्या दुरुस्तीवर तो शिक्काच नव्हता. तिला सुरक्षा त्रुटींचा सीव्हीई क्रमांक मिळालेला नव्हता, अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षा पत्रकातही ती नव्हती. त्यामुळे ती मागे राहिली. कोणती दुरुस्ती महत्त्वाची ठरेल हे आधी ओळखता येत नाही. म्हणूनच स्थिर ब्रँच जशीच्या तशी घ्या, असा आग्रह ती सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन अनेक वर्षे धरत आले आहेत.

कंपन्यांचे म्हणणे चूक आहे का?

पूर्णपणे नाही. आंधळेपणाने मर्ज केले तर कॅमेरा बिघडू शकतो, बॅटरी लवकर उतरू शकते. प्रत्येक मॉडेलची चाचणी खर्चीक असते. पण मर्ज पुढे ढकलल्याने हा खर्च वाचत नाही, साठत जातो. दोन ब्रँचमधील अंतर जितके वाढते, तितक्या टकरी वाढतात आणि अखेर ‘आता हे मॉडेल जुने झाले’ म्हणून हात वर केले जातात. भुर्दंड ग्राहकाला बसतो.

गूगलने यावर समाईक कर्नलचा उपाय काढला आहे. अँड्रॉइड १२ सह, ५.१० किंवा त्यानंतरच्या कर्नलवर बाजारात आलेल्या फोनपासून कर्नलचा गाभा सारखा ठेवला जातो आणि कंपन्यांचे बदल वेगळ्या मोड्यूलमध्ये राहतात. म्हणजे मिसळण्याच्या जागाच कमी केल्या. दिशा योग्य आहे, पण जुन्या फोनना तिचा उपयोग नाही.

ग्राहकाने काय मागायला हवे?

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत सुरक्षा अपडेटला मुदत घातली आहे. मूळ कोड जाहीर झाल्यापासून चार महिन्यांत तो ग्राहकाला मिळायला हवा. भारतातही अशी मुदत हवी. फोनच्या खोक्यावर किंमत छापतात, तशी सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीखही छापली जावी. ज्या फोनवर यूपीआय चालते आणि बँकेचे ओटीपी येतात, तो निर्धास्तपणे किती वर्षे वापरता येईल हे घेणाऱ्याला आधी कळायलाच हवे.

तोवर सेटिंग्जमधील ‘अबाउट फोन’मध्ये ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ची तारीख पाहावी. ती कित्येक महिने मागची असेल, तर कुठेतरी तयार असलेली दुरुस्ती तुमच्यापर्यंत आलेली नाही, असे समजायला हरकत नाही. नवा फोन घेताना मेगापिक्सेलच्या आधी अपडेट किती वर्षे मिळणार, हे विचारावे. हा प्रश्न दुकानात वारंवार विचारला जाऊ लागला, तरच रखडलेल्या मर्जची किंमत कंपन्यांच्या हिशेबात येईल.