पहिल्या अर्ध्या तासात शिर्डीत हुकूम कोणाचा?

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक, अहिल्यानगर

दरवर्षी २६ नोव्हेंबरला आपण हुतात्म्यांना मानवंदना देतो. ती दिलीच पाहिजे. पण २००८ मधल्या मुंबईवरच्या हल्ल्याच्या त्या रात्रीने शिकवलेले आपल्या जिल्ह्यात किती उतरले, हे विचारण्यासाठी हे पत्र.

कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांनी सीएसटी स्थानक, लिओपोल्ड कॅफे, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाऊस गाठले. टॅक्सींत ठेवलेले बॉम्ब विलेपार्ले आणि वाडीबंदरला फुटले. पोलिसांना सगळीकडून एकदम इतके फोन येऊ लागले, की हल्लेखोर किती आणि नेमके कुठे, हेच कळेनासे होते. असा गोंधळ उडवणे हाच डाव होता. पुढे माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या समितीने दाखवून दिले की, अशा प्रसंगासाठीची कार्यपद्धती कागदावर होती. त्या रात्री ती पाळली गेली नाही. १६६ जणांचा बळी गेला.

एनएसजीचे कमांडो पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. तोवर माणसे वाचवली ती जागेवरच्यांनी. सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सुरक्षित बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गर्भवतींना आतल्या खोलीत हलवले. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी हल्लेखोर कसाबची रायफल घट्ट धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या, म्हणून तो जिवंत सापडला.

आता शिर्डीकडे पाहा. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा या उत्सवांत पाय ठेवायला जागा नसते. २०२७ चा नाशिकचा सिंहस्थ तोंडावर आहे. तिथले अनेक भाविक शिर्डी आणि शनिशिंगणापूर करूनच परततात. आपले कार्यालय अहिल्यानगर शहरात, म्हणजे ऐंशीहून अधिक किलोमीटरवर, आणि नगर-मनमाड रस्त्याच्या दुरवस्थेची कथा आपण जाणताच. मंदिर, बसस्थानक आणि साईनगर रेल्वे स्थानकावर एकाच वेळी काही घडले, तर आपण पोहोचेपर्यंत हुकूम कोणाचा? पोलीस, साईबाबा संस्थानचे सुरक्षारक्षक आणि रेल्वे पोलीस यांनी कोणाचे ऐकायचे? मेटल डिटेक्टर आणि कॅमेऱ्यांकडे या प्रश्नाचे उत्तर नाही.

म्हणून काही मागण्या. पहिल्या अर्ध्या तासाचा प्रमुख आजच हुद्द्यानिशी ठरवा; तो रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण, हेही ठरवा. अशा प्रसंगाची रंगीत तालीम करा आणि तीत हार-प्रसादाचे दुकानदार, रिक्षावाले, भक्तनिवासातले कर्मचारी यांना घ्या. गल्लीबोळ त्यांनाच ठाऊक असतात. उद्घोषणा मराठी-हिंदीइतक्याच तेलुगूतही तयार ठेवा, कारण आंध्र-तेलंगणचे भाविक मोठ्या संख्येने येतात. रुग्णालयांनाही तालमीत ओढा: नोव्हेंबर २०२१ मध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातल्या आगीत रुग्ण दगावले, हे जिल्हा विसरलेला नाही. आणि लोकांना आधीच सांगून ठेवा, की कारवाई चालू असताना मोबाइलवर चित्रण करून पाठवू नका. मुंबईच्या हल्ल्यात पाकिस्तानात बसलेले सूत्रधार टीव्हीवरचे थेट प्रक्षेपण पाहून हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते.

यातल्या बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही. एक बैठक, एक लेखी आदेश आणि नेमाने होणारी तालीम लागते. येत्या २६ नोव्हेंबरच्या मानवंदनेआधी शिर्डीत पहिली तालीम घ्यावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
जिल्ह्यातील एक नागरिक